थंड पाण्याची बादली

“कप मी घासते साहेब, पण थुंकता तुम्ही.”

हे वाक्य आत्या एका गुरुवारी दुपारी बोलल्या. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांच्या हातात माझा ओला टॉवेल होता आणि सूर असा, की आज पाणी उशिरा येणार आहे एवढंच सांगायचं असावं. दोन दिवसांनी, शनिवारी, त्यांची नोकरी जाणार होती. ती माझ्या शब्दावर जाणार होती, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

त्या माझ्या आत्या नव्हेत. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्या भाच्याने त्यांना आमच्या चहाच्या कंपनीत चिकटवलं. भाचा पॅकिंगमध्ये होता. तो ‘आत्या’ म्हणायचा म्हणून पॅकिंगवाले म्हणू लागले, मग गोदामवाले, मग हिशेबनीस, आणि शेवटी थोरले मालक, जे त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते. भाचा पुढे दुसरीकडे गेला. आत्या राहिल्या, सगळ्यांच्या होऊन.

त्यांचं काम माझ्या कामाला चिकटलेलं होतं. मी चहा चाखतो. खिडकीखाली लांब ओटा, ओट्यावर पांढऱ्या कपांची रांग. प्रत्येक नमुना वजन करून कपात टाकायचा, त्यावर उकळतं पाणी, बरोबर पाच मिनिटं, मग गाळून वाडग्यात. चमच्याने घोट ओढायचा, सुर्रकन आवाज करत, म्हणजे चहा टाळ्यापर्यंत फवाऱ्यासारखा उडतो. तोंडात फिरवायचा आणि चाकावरच्या उंच पिकदाणीत थुंकायचा. मग पुढचा कप. सकाळभरात साठ, सत्तर, हंगामात शंभर. शेवटी साध्या पाण्याची चूळ आणि भिंतीवरच्या खुंटीला लावलेल्या टॉवेलने तोंड पुसायचं. पहिली खुंटी माझी, दुसरी धाकट्या बाईंची, तिसरी पाहुण्यांची. धाकट्या बाई म्हणजे माझ्या हाताखाली आठ वर्षं शिकलेल्या. आता त्याही पस्तिशीच्या, पण खोलीत त्या धाकट्याच.

आम्ही उठलो की आत्या येत. कप, वाडगे, चमचे, पिकदाणी, टॉवेल. सोडा आणि सुती चिंधी, याखेरीज कपाला काही लागू द्यायचं नाही, हा त्यांचा कायदा. प्रत्येक कप पालथा घालण्याआधी नखाने टिचकी मारून कानाशी धरायच्या. तडा गेलेला कप डोळ्याला दिसत नाही, पण तो बद्द वाजतो, आणि तड्यात कालचा चहा दडून बसतो. एकोणीस वर्षांत माझ्यापुढे बद्द वाजणारा कप आला नाही. मी त्याबद्दल त्यांना कधी काही म्हणालो नव्हतो. नीट चाललेल्या गोष्टीला आवाज नसतो.

स्वतः त्या चहा पीत नसत. धाकट्या बाईंनी एकदा विचारलं होतं, “आत्या, चहाच्या कंपनीत राहून चहा नाही?”

“दिवसभर त्याची अंघोळ बघते. मग प्यायची इच्छा राहत नाही.”

*

ज्या वस्तादांनी मला हे काम शिकवलं त्यांनी पहिल्या दिवशी एकच सांगितलं होतं: जीभ कोरी ठेव. तिखट नको, लसूण नको, धूर नको, आणि आंबट तर अजिबात नको. आंबट खाल्लं की जीभ चहाबद्दल खोटी साक्ष देते, असं ते म्हणायचे. मी ते पाळलं, बत्तीस वर्षं. बायको म्हणायची, “तुमची जीभ कोरी आणि माझा स्वयंपाक आळणी. संसार झाला, पण चव कळली नाही.” तरी संध्याकाळी मी घरी आलो की ती माझ्यापुढे एक बशी ठेवायची. पिकलेल्या गोड पेरूच्या फोडी, पपई, कधी कच्च्या कोबीचा बारीक चुरा. मी नाक मुरडायचो. ती म्हणायची, “पेरू आंबट नाही. आंबट झालंय ते तुमचं तोंड. खा मुकाट्याने.” मी खायचो. ती बशी म्हणजे तिचा हट्ट, असं मी धरून चाललो होतो. तो हट्टच मला उभा धरून आहे हे कळायला ती बशी बंद व्हावी लागली.

आठ महिन्यांपूर्वी आमच्या मुलीला जुळं झालं. मुलगी दुसऱ्या शहरात. बायको तिकडे गेली ती तिकडचीच झाली. एक रडायचं थांबलं की दुसरं सुरू होई. मी एकटा राहिलो, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मला ते आवडलं. शेवटी मला जीभ हवी तशी ठेवता येणार होती. मी नियम आणखी आवळले. आंबट फळ नको, मग गोड फळ तरी कशाला, त्यातही कुठेतरी आंबटाचा अंश असणारच. कच्चं काही नको. भात, मऊ वरण, दुधात बुडवलेला पाव, उकडलेलं अंडं. दुधी कुकरमध्ये लगदा होईपर्यंत शिजवायचा, पाणी फेकून द्यायचं, वर मीठसुद्धा बेतानं. रोज तेच. बायको फोनवर विचारायची, “जेवण करता ना वेळेवर?” मी सांगायचो, घड्याळ लावून. ते खरं होतं.

चौथ्या-पाचव्या महिन्यात जिना चढताना पोटऱ्या दुखू लागल्या. मी म्हटलं, वय. नडगीवर तांबूस-जांभळे ठिपके उठले, एकेका केसाच्या मुळाशी एकेक. मी म्हटलं, डास. पंचवीस वर्षांपूर्वी चहाच्या पेटीचा पत्रा तळहाताला लागला होता. तो जुना पांढरा व्रण लाल झाला आणि एके दिवशी कडेला उकलला. जुनी जखम पुन्हा उघडते म्हणजे काय, हे मी त्या दिवशी हातात धरून पाहिलं आणि पट्टी लावून विसरलो. चिडचीड वाढली. सकाळी उठावंसं वाटेना. अंथरुणाच्या काठावर बसून मी पायांकडे बघत राहायचो, ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसा. घर रिकामं आहे म्हणून असेल, असं मनाशी म्हणायचो. माणूस स्वतःला समजावण्यात फार तरबेज असतो.

आणि मग चहात लोखंड आलं.

आधी एका कपात. नंतर सगळ्यांत. घोट ओढला की जिभेच्या कडांना गंजलेला खिळा चोखल्यासारखी चव. मी लॉट नाकारायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात चार, मग नऊ. धाकट्या बाईंना चाखायला दिलं.

“मला तर काही लागत नाही, सर.”

“नीट ओढा.”

त्यांनी पुन्हा ओढला, डोळे मिटले, थुंकल्या. “चांगला आहे. जरा ताजाच वाटतोय.”

“मग तुमची जीभ अजून तयार व्हायची आहे,” मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पडलेला मला दिसला आणि बरं वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते. मला खरोखर वाटत होतं की आठ महिन्यांच्या कडक पथ्याने माझी जीभ इतकी धारदार झाली आहे की जे कुणाला लागत नाही ते मला लागतं. असा गैरसमज चहा चाखणाऱ्यालाच व्हावा. दुसरा कुणी आरशात तोंड उघडून पाहता. माणसाला स्वतःचं तोंड आतून दिसत नाही. त्या अंधाऱ्या खोलीच्या दाराशी आयुष्यभर उभा राहून मी दुसऱ्यांच्या पानांचे निवाडे करत होतो.

पाच आठवड्यांत एकतीस लॉट परत गेले. बागवाले फोन करून भांडू लागले. धाकटे मालक, म्हणजे थोरल्यांचा मुलगा, मला काका म्हणतो. तो खाली आला. “काका, लोखंड येतंय कुठून? मळ्यातून येणं शक्य नाही, सात वेगळे मळे आहेत.” बॉयलर उघडला. नवा नळ बसवला. पाणी तपासायला पाठवलं, ते शुद्ध निघालं. उरले कप.

त्याच दुपारी मोरीत मला तारेची घासणी दिसली. नवी, अर्धी वापरलेली.

मी वर जाऊन मालकांना सांगितलं. सापडलं, म्हणालो. आत्या तारेने घासतात. चिनीमातीवर बारीक ओरखडे उठतात, त्यात लोखंड बसतं. इतकी वर्षं चिंधीने घासत होत्या, आता म्हातारपणी हात दुखत असतील, सोपा मार्ग काढला. सगळं कसं नीट जुळत होतं. मालकांनी आत्यांना बोलावलं, समोर मी उभा.

“ती घासणी किटलीच्या बुडासाठी आहे,” आत्या म्हणाल्या. “कपाला लावलेली नाही.”

“मग लोखंड येतं कुठून, आत्या?” मालकांनी विचारलं.

“ते मला कसं ठाऊक असणार? मी चहा पीत नाही.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “माझी जीभ बत्तीस वर्षांत चुकलेली नाही.” मग मालक म्हणाले की आत्या, शनिवारपर्यंत या, पुढे आपण दुसरं माणूस बघू. आत्यांनी होकारार्थी मान हलवली. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे. कप कानाशी धरून बघायच्या ना, तसं.

*

तो सोमवार होता. गुरुवारी दुपारी धाकट्या बाई जेवायला गेल्यावर आत्या आत आल्या. हातात कापडी पिशवी. त्यांनी ओट्यावर तीन काचेचे ग्लास ठेवले.

“काय हे?”

“पाणी. चाखा.”

“मला वेळ नाही, आत्या.”

“एकोणीस वर्षांत कधी काही चाखा म्हटलंय मी?”

म्हटलं नव्हतं. मी चमचा घेतला, मग ठेवला आणि सरळ ग्लास तोंडाला लावला. पहिला घोट: लोखंड. दुसरा: लोखंड. तिसऱ्यातही.

“तिन्हीत आहे,” मी म्हणालो. “मधल्यात सर्वांत जास्त. मी सांगत नव्हतो?”

“मधलं दुकानातल्या सीलबंद बाटलीतलं.” त्यांनी पिशवीतून बाटली काढून दाखवली. “पहिलं आपल्या बॉयलरचं, तिसरं माझ्या घरच्या माठातलं. ग्लासही माझ्या घरचे, मुलगी घासते ते, स्पंजने. सकाळी धाकट्या बाईंना दिलं होतं. त्या म्हणाल्या, आत्या, हे पाणी आहे.”

मग त्यांनी पिशवीतून माझा टॉवेल काढला. पहिल्या खुंटीचा.

“हा बघा. चहाचा डाग गरम पाण्यात सुटतो. मी तिन्ही टॉवेल रोज कढत पाण्यात टाकते. बाकीचे दोन स्वच्छ निघतात. तुमच्यावरचे हे डाग गरम पाण्यात जायच्या ऐवजी पक्के झाले, तपकिरी.” त्यांनी बोटाने एकेक दाखवला, ओठ पुसतो त्या कडेला, रांगेने. “गरम पाण्याने पक्का होतो तो एकच डाग. बाईमाणसाला हे शिकवावं लागत नाही. मंगळवारपासून तुमचा टॉवेल वेगळा काढला, थंड पाण्याच्या बादलीत भिजवला. पाणी गुलाबी झालं.”

“म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?”

तेव्हा त्या ते वाक्य बोलल्या. कप मी घासते साहेब, पण थुंकता तुम्ही.

मला राग आला. मी म्हणालो, “नोकरी वाचवायला काय वाटेल ते बोलू नका.” हे शब्द माझे आहेत आणि ते मी परत घेऊ शकत नाही. त्यांनी ग्लासमधलं पाणी मोरीत ओतलं, ग्लास पुसून पिशवीत ठेवले.

“डॉक्टरकडे जा, साहेब,” दारातून त्या म्हणाल्या. “माझ्या शनिवारचं राहू दे. तुमचा रंग बरा नाही.”

त्या गेल्यावर मी हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशात तोंड उघडलं. हिरड्या सुजून दातांवर चढल्या होत्या, जांभळ्या, स्पंजासारख्या. बोट लावलं तर बोट लाल झालं. एक दाढ हलत होती. मी बोट चोखलं, सवयीने. ती चव मी पाच आठवडे ओळखत होतो, फक्त तिचं नाव चुकवत होतो.

*

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांकडे गेलो. वयस्क बाई, चष्मा कपाळावर. हिरड्या पाहिल्या, नडगी पाहिली, नडगीवरचे केस भिंगाखाली धरले.

“हे केस बघितलेत? स्प्रिंगसारखे वळलेत.” मग तळहातावरचा उकललेला व्रण. मग खुर्चीत मागे टेकून विचारलं, “काय खाता?”

मी अभिमानाने सांगितलं. भात, वरण, पाव, दूध, अंडं, दुधी.

“फळ?”

“माझ्या धंद्यात आंबट चालत नाही.”

“आणि गोड फळ?”

“तेही बंद केलं.”

“कच्ची भाजी? कोबी, टोमॅटो, ढोबळी मिरची?”

मी नकारार्थी मान हलवली.

“किती महिने?”

“आठ.”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. “हा रोग मी पुस्तकात वाचला होता आणि चाळीस वर्षांत तीनदा पाहिला. तुम्ही चौथे. याला स्कर्व्ही म्हणतात. सोप्या भाषेत, अंगातलं क जीवनसत्त्व संपलंय. रक्त तपासून खात्री करू, पण मी पैज लावायला तयार आहे.”

“एका जीवनसत्त्वाने एवढं?”

“तुमच्या चहाच्या पेट्या कशाने धरून राहतात? खिळे, पट्ट्या, सरस. शरीरातही सरस असतो. हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या बारीक भिंती, जखमेवरची कातडी, हे सगळं एका प्रथिनाच्या धाग्यांनी विणलेलं असतं. त्या धाग्याला पीळ बसायला क लागतं. ते नसलं की धागा सैल. भिंत पाझरते, हिरडी रक्त सोडते, जुना व्रणसुद्धा उकलतो, कारण व्रण एकदा भरला म्हणजे कायमचा भरला असं नसतं. शरीर तो रोज थोडाथोडा पुन्हा विणत असतं.”

ते वाक्य माझ्यात राहिलं. मी समजत होतो जुन्या जखमा बंद असतात.

“कुत्र्याला, मांजराला, बकरीला हे अंगातल्या अंगात बनवता येतं,” त्या पुढे म्हणाल्या. “आपल्याला नाही. साठाही फार होत नाही. दोन-तीन महिने मिळालं नाही की कुरकुर सुरू. थकवा, पाय दुखणं, चिडचीड. घरचे म्हणाले असतील, काय हा माणूस खेकसतो.”

“घरी कुणी नाही.”

“मग ऑफिसातले म्हणाले असतील.”

मी खिडकीबाहेर पाहिलं.

“आणखी एक गंमत,” डॉक्टर म्हणाल्या. “क असलं की अन्नातलं लोह अंगी लागायला मदत होते. तुमचे डोळे आतून पांढरे पडलेत. तोंडभर लोखंडाची चव, आणि रक्तात लोह कमी असणार.”

गोळ्या दिल्या. खाण्याची यादी दिली. पेरू सर्वांत वर. एका पेरूत दिवसाची गरज भागून उरते, म्हणाल्या. भाजी कमी शिजवायची, पाणी फेकायचं नाही, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने जातं आणि पाण्यात उतरतं. “आणि आंबट म्हणजे क, नाहीतर नाही, हे डोक्यातून काढा. पेरू गोड असतो. ढोबळी मिरची गोड असते. तुमची जीभही वाचेल आणि तुम्हीही.”

“बरं होईल हे?”

“रक्त आठवड्याभरात थांबेल. थकवा त्याच्याही आधी उतरायला लागेल. पुरतं भरून यायला दोन-तीन महिने. आणखी अंगावर काढलं असतं तर दात गेले असते. त्याहूनही वाईट होऊ शकलं असतं. यात माणसं दगावतात.” त्यांनी कागद पुढे सारला. “तुम्हाला इकडे कुणी पाठवलं? स्वतःहून येणाऱ्यातले तुम्ही वाटत नाही.”

“आमच्याकडे कप धुणाऱ्या बाई आहेत.”

“त्यांना माझा नमस्कार सांगा,” डॉक्टर म्हणाल्या. हसल्या नाहीत.

परतताना बाजारात पेरूची टोपली दिसली. एक घेतला. रस्त्याच्या कडेला उभा राहून, दुखऱ्या हिरड्यांनी, अर्धा तास घेत खाल्ला. बी दाताखाली आली की डोळ्यांत पाणी येई. बायकोला फोन केला.

“पेरू खातोय.”

पलीकडे दोन्ही बाळं रडत होती. “काय म्हणालात?”

“पेरू. गोड आहे.”

ती म्हणाली, “तब्येत बरी आहे ना?” मी पेरू खाल्ला, तर तिला पहिली ही शंका यावी. मी सगळं सांगितलं. ती इतकी रागावली की बाळं गप्प बसली.

*

शनिवारी मी दहाच्या आधी मालकांच्या खोलीत गेलो. सांगायचं काय ते रात्रभर जुळवलं होतं: पाण्याचा दोष निघाला असं म्हणता आलं असतं. नवा नळ बसवलाच होता. आत्या राहिल्या असत्या, माझी जीभ शाबूत राहिली असती, कुणाचं काही गेलं नसतं. तोंड उघडलं तेव्हाही ते वाक्य तयार होतं. पण तोंड उघडल्यावर रक्ताची चव आली, आणि ती चव तोंडात असताना खोटं बोलणं जमेना.

“लोखंड माझ्या तोंडात होतं,” मी म्हणालो. डॉक्टरांचा कागद पुढे ठेवला.

धाकट्या मालकांनी तो दोनदा वाचला. “म्हणजे काका, पाच आठवडे तुम्ही स्वतःचं रक्त चाखत होतात?”

“हो.”

“आणि एकतीस लॉट नापास केलेत.”

“रक्त नापासच होतं,” मी म्हणालो.

त्यांना हसू आवरेना, मग ते एकदम थांबले. “हे आत्यांनी शोधलं? मग त्या माझ्याकडे का नाही आल्या? सोमवारी त्यांना मी काढून टाकलं याच खोलीत.”

मालकांनी आत्यांना बोलावलं. त्या साडीचा पदर कमरेला खोचूनच आल्या, हात ओले. मालकांनी सांगितलं की सोमवारचं सगळं रद्द, माफ करा. मग तेच विचारलं: टॉवेल घेऊन माझ्याकडे का नाही आलात?

“टॉवेल साहेबांचा होता,” आत्या म्हणाल्या. “त्यांनाच दाखवणार ना.”

हे मी पुढे कितीतरी वेळा मनात उलटसुलट करून पाहिलं. टॉवेल घेऊन त्या जिना चढल्या असत्या तर त्यांची नोकरी तिथल्या तिथे वाचली असती आणि माझी तिथल्या तिथे गेली असती. रक्ताळलेल्या तोंडाचा चाखणारा कोण ठेवतो? दोन दिवस उरले असताना त्यांनी ते पत्ते मला दाखवले, ज्याने त्यांना घालवलं त्याला. मी गेलो नसतो तर? मी खोटं बोललो असतो तर? या प्रश्नांवर त्यांनी काही तजवीज केलेली नव्हती. त्यांनी फक्त डाग ज्याचा त्याच्या हातात दिला.

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. “आत्या, माझं चुकलं. घासणी बघून मी तुम्हाला नीट विचारलं नाही. आणि गुरुवारी जे बोललो ते...”

“कप भिजत पडलेत,” त्या म्हणाल्या. “जाऊ मी?”

मालकांनी मला महिनाभर रजा दिली. धाकट्या बाईंनी ते एकतीस लॉट पुन्हा मागवले, जितके अजून विकले गेले नव्हते तितके चाखले, आणि बहुतेक पास केले. ‘जरा ताजाच वाटतोय’ म्हटलेला तो लॉट हंगामातला सर्वांत उत्तम निघाला. मी फोन करून त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “सर, माझी जीभ तयार झालीय असं समजू का?” मी म्हणालो, ती केव्हाच झाली होती, मी उशिरा चाखली.

तिसऱ्या दिवशी पाय हलके झाले. सहाव्या दिवशी ब्रश पांढरा निघाला. तळहाताचा व्रण कडेकडेने मिटत आला. मी रोज उजेडात धरून बघायचो, कुणीतरी आतून विणत आहे आणि मला मजुरी मागत नाही. कितीतरी गोष्टी अशा आतून विणल्या जात असतात. बशीतल्या फोडी. नखाची टिचकी. थंड पाण्याची एक जादा बादली, जी कुणी भरायला सांगितली नव्हती.

रजेत एकदा मी संत्र्यांची करंडी घेऊन आत्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, दाराशी शिवणयंत्र, त्यावर मुलगी वाकलेली. आत्यांनी करंडी पाहिली, मग मला.

“ही तुम्हाला खायला सांगितलीत ना डॉक्टरांनी?”

“तुमच्यासाठी आणलीत.”

“माझे दात ठीक आहेत.” त्यांनी पाच-सहा काढून मुलीपुढे ठेवली आणि उरलेली करंडी परत माझ्या हातात दिली. “घरी जा आणि संपवा. वाया घालवू नका. आणि सालं फेकायला उठता येतं का आता, का अजून पाय दुखतात?”

“येतं.”

“मग झालं तर.”

आभाराचे जे शब्द तोंडात घेऊन गेलो होतो ते तसेच घेऊन परत आलो. 

महिन्यानंतर कामावर गेलो. ओट्यावर चाळीस कप, धाकट्या बाई शेजारी. पहिला घोट ओढला, आवाज करत, आणि टाळ्याला जे लागलं तो फक्त चहा होता. जरासा तुरट, मागे फुलासारखं काही, कुठेही खिळा नाही. मी डोळे मिटून तो तोंडात जरा जास्तच वेळ ठेवला.

“सर, थुंका,” धाकट्या बाई म्हणाल्या. “प्यायचा नसतो.”

चाळीस संपले. साध्या पाण्याची चूळ. पहिल्या खुंटीचा टॉवेल घेऊन मी ओठ पुसले, नीट दाबून, दोन्ही कोपरे, आणि परत लावला. 

आत्या दोन बादल्या घेऊन आल्या. मोठीतून वाफ येत होती, छोटीतलं पाणी गार, स्थिर. पाहुण्यांचा टॉवेल त्यांनी मोठीत टाकला. धाकट्या बाईंचा टाकला. मग माझा काढून खिडकीशी नेला, दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरला. एक बाजू पाहिली. उलटवला, दुसरी पाहिली. कडेवरून अंगठा फिरवत गेल्या, ओठाच्या जागी थांबल्या.

त्यांनी टॉवेलाची घडी केली आणि तो कढत पाण्यात, बाकीच्या दोघांवर, सोडला. छोटी बादली मोरीत रिकामी करून पालथी घातली. मग मोठी उचलली आणि माझ्याकडे न बघता दारातून निघून गेल्या.